पावतीपुस्तकाआधीचा दिवस

अमरावती सोडून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात नांदगाव पेठ येतं. एका अंगाला जुनं गाव आणि कपाशी-तुरीची शेतं. दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत, कापडाच्या गिरण्या, १,३५० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ज्याची पायाभरणी झाली तो पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क. मागं अमरावतीत गाडगेनगरला गाडगेबाबांची समाधी आणि दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी वसवलेलं तपोवन. पुढं त्याच रस्त्यावर मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज. लोकांकडून चार पैसे मागून मोठं काम कसं उभं करावं, याचा एवढा अनुभव एवढ्या थोड्या अंतरात साठलेला मुलूख महाराष्ट्रात दुसरा सहजी दाखवता येणार नाही. तरीही इथल्या महाविद्यालयांतून निधी संकलनाची मोहीम निघायची असली की तिच्या आधी होणारी 'नेतृत्व विकास कार्यशाळा' राज्यातल्या कुठल्याही सभागृहात होते तशीच होते. फ्लेक्स, दीपप्रज्वलन, उशिरा आलेले पाहुणे, शाल-श्रीफळ, तरुण ही राष्ट्राची शक्ती आहे या आशयाचं पाऊण तासाचं भाषण, चहा-नाश्ता, गटप्रमुखांच्या नावांचं वाचन, पावतीपुस्तकांचं वाटप, आभारप्रदर्शन. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं दारोदार.

निधी मागायला निघण्यापूर्वी मुलांना एकत्र बसवायला हवं, याबद्दल माझा वाद नाही. पण तो दिवस ज्यासाठी असतो तेच त्यात होत नाही, हे माझं म्हणणं आहे. दार उघडणारा माणूस तोंडानं नाही तर नजरेनं तीन गोष्टी विचारतो: तुम्ही कोण, पैसे कशाला, आणि ते जाणार कुठं. पहिल्याचं उत्तर गळ्यातलं ओळखपत्र देतं. दुसऱ्याचं उत्तर पत्रकावर छापलेलं असतं. मात्र पत्रक वाचून दाखवणाऱ्या पोराला लोक दहा-वीस रुपये देतात ते बहुधा त्यानं पुढच्या दाराला जावं म्हणून. तिसऱ्या प्रश्नाशी तर त्या पोराची गाठच कुणी घालून दिलेली नसते. पैसे जमा करून कार्यक्रम अधिकाऱ्याकडे द्यायचे, पुढं संस्था बघेल. अशा मुलाला आपण कार्यशाळेत नेता म्हणून बोलावलं आणि मोहिमेत निरोप्या म्हणून वापरलं. त्या एका दिवसातून मुलांच्या हाती दोन गोष्टी पडायला हव्यात: ज्या कामासाठी मागायचं त्याची स्वतः करून घेतलेली ओळख, आणि जमणाऱ्या पैशाच्या हिशेबात स्वतःचा हक्क. वक्तृत्व, संघभावना, व्यक्तिमत्त्व विकास हे सगळं त्यानंतर, वेळ उरला तर.

पहिल्या गोष्टीला पुरावा आहे, आणि तोही विद्यार्थ्यांच्याच निधी संकलनातला. अमेरिकेतली विद्यापीठं माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागतात. फोनवर बसलेली असतात ती पुष्कळदा तिथंच शिकणारी मुलं. अ‍ॅडम ग्रँट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा मुलांचे गट पाडले होते. एका गटाची, त्यांनीच जमवलेल्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी पाचेक मिनिटं भेट घडवली. दुसऱ्या गटाला अशा विद्यार्थ्याचं पत्र वाचायला दिलं. तिसऱ्याला यातलं काहीच दिलं नाही. महिन्याभरानं पाहिलं तर भेट झालेल्या गटाचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी वाढला होता आणि त्यांनी आणलेली रक्कम १७१ टक्क्यांनी. उरलेल्या दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. एका फोनघरातला हा प्रयोग. त्याच्या टक्केवारीवर वऱ्हाडातल्या मोहिमेचं अंदाजपत्रक मांडायला मी सांगणार नाही. शिवाय ती मुलं पगारी होती, आपली बिनपगारी. पण पत्र वाचलेला गट जागचा हलला नाही, ही गोष्ट आपल्या आयोजकांनी मनावर घ्यावी अशी आहे. आपल्याकडचं पत्रक, पडद्यावरची चित्रफीत, पाहुण्याच्या भाषणातला हृदयद्रावक प्रसंग ही सगळी त्या पत्राचीच भावंडं. काम दुसऱ्यानं पाहिलेलं, दुसऱ्यानं लिहिलेलं, आणि आपल्या कानावर पडलेलं.

मग लाभार्थ्यालाच सभागृहात आणावं का? हा आक्षेप सोपा नाही. आपल्याकडे अशा माणसाला व्यासपीठाच्या कडेच्या खुर्चीवर बसवतात, माइक हातात देतात आणि तो रडला की कार्यक्रम यशस्वी झाला असं मानतात. शिष्यवृत्ती मिळालेल्या हुशार मुलाला भेटणं वेगळं, आणि कुष्ठरोगानं बोटं गेलेल्या म्हाताऱ्याला दोनशे मुलांपुढं उभं करणं वेगळं. विदर्भातल्या संस्थांनी हा गुंता फार पूर्वी सोडवून ठेवला आहे, आपण तो पुन्हा घालतो. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशीचे तरुण कुष्ठरुग्णांसाठी वसलेल्या आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी तिथल्या माणसांच्या बरोबरीनं विटा वाहिल्या, इमारती उभ्या केल्या. परदेशी पोरं आनंदवनात राहतात, जेवतात, हे पाहून वरोऱ्याच्या लोकांची भीड चेपली आणि तिथला भाजीपाला बाजारात विकला जाऊ लागला. दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, आनंदवनाच्या जमिनीवर आनंदनिकेतन महाविद्यालय उघडलं. समाजानं ज्यांच्यासाठी मदतीचा हात पुढं करायचा त्यांच्याच श्रमांतून समाजाच्या मुलांसाठी वर्ग उभे राहिले. १९६७ पासून आनंदवनाच्याच सोमनाथ प्रकल्पावर भरत आलेल्या श्रमसंस्कार छावणीतही क्रम हाच आहे: आधी कुदळ-फावडं, मग चर्चा. शेजारी उभं राहून घमेलं पुढं देणाऱ्या माणसाची कीव करणं अवघड जातं, आणि कीव न आल्यामुळंच त्याच्या कामाबद्दल चार शब्द नीट सांगता येतात. तपोवन अमरावतीतच आहे. अर्धा दिवस सभागृहाऐवजी तिथं, किंवा ज्या शाळेसाठी, ज्या वसतिगृहासाठी, ज्या नाल्यासाठी मागायचं तिथं घालवायला बसभाड्यापलीकडे काही लागत नाही.

या क्रमाचा खरा आचार्य मात्र गाडगेबाबाच. आज त्यांचं नाव विद्यापीठाला आहे, स्वच्छता अभियानाला आहे, पण निधी संकलनाचा शास्त्रशुद्ध अभ्यासक म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. गावात शिरले की आधी खराटा. दिवसभर झाडलोट. रात्री कीर्तन. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळा, सदावर्तं, गोरक्षण हे सगळं या रीतीनं, लोकांच्या पैशातून उभं राहिलं. सकाळी ज्या माणसानं आपल्या दारापुढचा कचरा उचलला, त्यानं रात्री सांगितलेलं ऐकून घ्यावं लागतं. मागण्याचा अधिकार त्यानं दिवसाउजेडी कमावलेला असतो. दुसरी बाब कीर्तनाच्या रचनेची. १९५६ साली मुंबईत वांद्र्याला झालेलं त्यांचं अखेरचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते ऐकलं की ध्यानात येतं, बाबा सांगतात थोडं आणि विचारतात फार. प्रश्न टाकायचा, समुदायाकडून उत्तर वदवून घ्यायचं, त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न. सभा आपल्याच तोंडानं कबूल करत करत शेवटाला पोचते. आणि तिसरी बाब पैशाची: संस्था विश्वस्तांच्या ताब्यात, घरच्या माणसांना त्यात थारा नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. पाऊण तासाच्या भाषणानं भरलेल्या कार्यशाळेपाशी बसून या तीन बाबी आठवल्या की गाडगेनगर आपल्याला किती दूर पडलं आहे ते कळतं.

कुणी म्हणेल, बाबा एकटे होते, संत होते. शंभर सामान्य पोरांकडून हे होणार नाही. पण सामान्य माणसांना घेऊन केलेला प्रयोगही आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. २०१६ साली पानी फाउंडेशननं जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा घेतली ती तीन तालुक्यांत: साताऱ्यातलं कोरेगाव, बीडमधलं अंबाजोगाई आणि अमरावतीतलं वरूड. वरूड म्हणजे संत्र्याचा पट्टा, आणि विंधनविहिरींनी खाली नेलेलं पाणी. स्पर्धेच्या आधी प्रत्येक गावातून निवडलेल्या पाचेक जणांचं, बायांसकट, निवासी प्रशिक्षण झालं. त्यात खेळ होते, गाणी होती, पण माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कसं उतरतं ते शिवारात उभं राहून पाहणं आणि उतार मोजायला शिकणंही होतं. ती माणसं गावी परतली तेव्हा त्यांच्याजवळ घोषणा होत्या तशी मोजमापंही होती. चावडीवर कुणी 'यानं काय होणार' असं विचारलं तर सांगायला लांबी, रुंदी, खोली होती. पुढं पंचेचाळीस दिवस श्रमदान चाललं, यंत्राच्या डिझेलसाठी लोकवर्गणी झाली. पुढच्या वर्षांत १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतली महाविद्यालयीन मुलं 'जलमित्र' म्हणून गावांत उतरली. सगळ्या गावांत काम सारखं टिकलं असं नाही, आणि स्पर्धेच्या ईर्षेवर केलेल्या कामाच्या मर्यादाही आहेत. तरी मोहिमेआधीचं प्रशिक्षण कशानं भरावं याचा वस्तुपाठ म्हणून वरूड पुरेसं आहे. आपल्या कार्यशाळेत मुलांना मोजायला काही दिलं जात नाही. वसतिगृहातल्या एका मुलीला महिन्याला किती लागतात, त्यातलं अनुदान किती आणि तूट किती, एवढं साधं गणित जरी मुलांनी स्वतः मांडलं तरी त्यांचं बोलणं बदलेल.

आता दुसरी गोष्ट, हिशेबाची. माझ्या मते ती पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल आयोजक जास्त घाबरतात. महाराष्ट्रात लोकवर्गणीचा इतिहास रकमांपेक्षा हिशेबांचा आहे. अंताजी दामोदर काळे या शिक्षकानं माणशी एक पैसा मागून पैसा फंड चालवला. त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. देणगी एक पैशाची असली तरी तिचा शेवट लोकांना डोळ्यांनी पाहता आला. याच्या उलट अनुभव टिळक स्वराज्य फंडाचा. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर कॉलेजं सोडून बाहेर पडलेली मुलं गावोगाव हिंडली आणि ३० जून १९२१ पर्यंत एक कोट रुपये जमवण्याचं जे लक्ष्य अशक्य वाटत होतं ते गाठलं गेलं. जमवण्यात उणीव राहिली नाही. पण इतक्या हातांतून इतक्या घाईनं आलेल्या पैशाच्या विनियोगाबद्दलचे प्रश्न पुढं कार्यकर्त्यांचा पिच्छा पुरवत राहिले. गंमत अशी की या फंडामागं उभ्या असलेल्या गांधीजींचाच पहिला सार्वजनिक धडा हिशेबाचा होता: १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेसची वर्गणी गोळा करताना, ऐन पंचविशीत, पावतीशिवाय पैसा घ्यायचा नाही हा दंडक त्यांनी घालून घेतला आणि आत्मकथेत तो आग्रहानं नोंदवला.

तेव्हा कार्यशाळेतला एक अख्खा तास, हवं तर पाहुण्यांच्या भाषणातून काढून, हिशेबाला द्यावा. सार्वजनिक वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क खाली रीतसर कळवावं लागतं, हे गणेश मंडळाच्या पोरांना ठाऊक असतं, पण पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना नसतं. देणगीवरची प्राप्तिकर-सवलत दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर मिळत नाही, हे देणाऱ्याला दारातच सांगता आलं पाहिजे. क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे, तो गटप्रमुखाच्या मोबाइलचा का नसावा, पावतीच्या स्थळप्रतीवर कुणाची सही, फाटलेली पावती कशी रद्द करायची, रोज संध्याकाळी मोजणीला कोण दोघं बसणार, हे ठरवायचं ते मुलांनीच. 'पोरं अजून लहान आहेत, पैशात त्यांना घालू नये' असं म्हणणाऱ्या प्राध्यापकांचा हेतू चांगला असतो. पण ज्यांच्या हाती रोकड द्यायला आपण कचरत नाही त्यांच्या हाती वही द्यायला कचरावं, हे मला उलटं वाटतं. रोकड हाताळण्यात मोह आहे. वहीत त्या मोहाला लगाम आहे. आणि मुलांना हिशेब समजला की ती संस्थेलाही प्रश्न विचारतील, ही खरी धास्ती असेल तर तिच्यावर उपाय वेगळा आहे.

नांदगाव पेठच्या संदर्भात एक आक्षेप जास्त टोकदार होतो. शेजारी एवढे कारखाने असताना पोरांना दहा-दहा रुपयांसाठी उन्हात का फिरवायचं? २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वर गेलेल्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. एक चांगला प्रस्ताव आणि दोन भेटी यांत जे होईल ते शंभर मुलांच्या आठ दिवसांत होणार नाही. हिशेबानं हे खरं आहे, आणि ज्या कामाला लाखो रुपयांची इमारत हवी त्यासाठी प्रस्तावच लिहावा; तो लिहिणंही मुलांनी शिकावं, नेतृत्वाचा तो उत्तम धडा आहे. पण कंपनीचा पैसा वर्षाच्या ताळेबंदाला बांधलेला असतो. धोरण बदललं, व्यवस्थापन बदललं, नफा घटला की ओघ आटतो, आणि तेव्हा त्या कामाची माहिती असलेलं गावात कुणी नसतं. अमरावतीची शिक्षणसंस्कृती ज्यांच्या नावानं ओळखली जाते त्या पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापली ती बहुजन शेतकऱ्यांच्या मुलांसाठी, आणि अशी संस्था गावोगावच्या लोकांना ती आपली वाटल्याखेरीज वाढत नाही. दहा रुपये देणारी बाई वर्षभरानं 'त्या शाळेचं काय झालं गा?' असं विचारते. कंपनीचा अधिकारी अहवाल मागतो. दोन्ही हवेत, फक्त एकाच्या भरवशावर दुसरं सोडू नये.

खर्चाचा आक्षेप मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याचं उत्तर आक्षेपातच आहे. कार्यशाळेवर खर्च झालेला पैसा कामाला गेला असता, असं म्हणणाऱ्यांनी खर्चाची यादी पाहावी: मंडप, फ्लेक्स, स्मृतिचिन्हं, पाहुण्यांचं मानधन, छापील प्रमाणपत्रं. यातलं एकही कलम मी वर सांगितलेल्या दिवसाला लागत नाही. वेळेचा आक्षेप मात्र गंभीर आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाकडून दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर अपेक्षित असतं. तास कागदावर भरतात. हिवाळी परीक्षा, उन्हाळी परीक्षा, प्रात्यक्षिकं, अंतर्गत गुण यांतून खरा मोकळा काळ उरतो तो थोडाच. त्यात पुन्हा आयोजक दिवस निवडतात तो महाविद्यालयाच्या सोयीनं, आणि वऱ्हाडात मागायचं तर तिथलं वर्ष वेगळंच चालतं. जूनमध्ये शेतकरी बियाण्या-खताच्या दुकानात उधारीवर उभा असतो. दसरा-दिवाळीला सोयाबीन निघतं, पण त्या पैशावर आधीच्या देण्यांचा हक्क असतो. कापूस घरी येऊन विकला जातो, तूर खळ्यावर येते, त्या जानेवारीच्या आगेमागे हाती थोडं काही असलं तर असतं. शिबिरंही बहुधा याच काळात होतात. म्हणजे शिबिर आणि मोहीम वेगळी काढण्याचंही कारण नाही: सात दिवसांतले पहिले पाच कामाचे, सहावा हिशेबाचा, आणि मग गावातून पहिली फेरी.

एका आक्षेपाकडे मात्र आयोजकांनी कान द्यावा असं मला मनापासून वाटतं. मुलं स्वेच्छेनं येतात हे गृहीतच मुळात तपासण्यासारखं आहे. गुण, प्रमाणपत्र, श्रेयांक, प्राचार्यांचा शब्द यांतलं काहीतरी मानेवर असतं. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीचं पाहा. १९४९ पासून चालत आलेला हा उपक्रम आहे, त्यामागचा हेतू निर्विवाद आहे, तरीही संकलन जिल्ह्यांना आणि कार्यालयांना आकड्यांत वाटून दिलं जातं आणि अखेर बातमी येते ती उद्दिष्टपूर्तीच्या टक्क्यांची. तोच आकडा खाली सरकत महाविद्यालयात आला की एका मुलामागं अमुक पावत्या असा हिशेब लागतो. आता हा मुलगा कोण? अमरावतीच्या महाविद्यालयांत तो पुष्कळदा कोरडवाहू शेतकऱ्याचा किंवा शेतमजुराचा असतो. शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात कधी पडते याची वाट पाहणारा. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं आहे, आणि त्या बातम्यांतल्या घरांतली मुलंही इथंच शिकतात. अशा मुलाला पुस्तकातल्या उरलेल्या पावत्या स्वतःच्या खिशातून फाडाव्या लागल्या तर ती मोहीम उलट्या दिशेनं चालली. म्हणून कार्यशाळेत पहिलं वाक्य नकाराबद्दलचं असावं: ज्याला मागायला जमणार नाही त्यानं मोजणीला बसावं, नोंदी कराव्यात, नकाशे काढावेत, माणशी लक्ष्य नसेल. मुलींच्या बाबतीत तर परतीच्या शेवटच्या एस.टी.ची वेळ आधी फळ्यावर लिहावी आणि मग गावांची वाटणी करावी. हे सगळं नेतृत्वाच्या व्याख्यानात बसत नाही. पण कुणाला कुठं पाठवायचं आणि कुणाला पाठवायचं नाही, हे ठरवण्याचा अधिकार गटातल्या मुलामुलींकडे दिला की नेतृत्व हा शब्द वेगळा उच्चारावाही लागत नाही.

'ज्यांच्यात धमक आहे ती पोरं कार्यशाळेशिवायही पुढं येतात' असं एक मत ऐकू येतं. येतात खरी, दरवर्षी तीच चार. माइक हातात घेणारी, प्राचार्यांना नावानं ठाऊक असलेली, गॅदरिंगलाही तीच आणि मोहिमेलाही तीच. अमरावतीच्या हनुमान आखाड्यानं १९१४ पासून शरीरं घडवली ती रोजच्या कसरतीनं, उपजत बळावर विसंबून नाही. सार्वजनिक कामाचा सराव तेवढा उपजत असावा अशी अपेक्षा आपण का करतो, कोण जाणे. मागच्या बाकावरच्या मुलीला गणित पक्कं येतं, तिला मोजणीच्या टेबलाशी बसवलं की तिसऱ्या दिवशी ती गटप्रमुखाला विचारते, शंभरची पावती आहे मग नव्वदच कसे? त्या क्षणी त्या गटाचं नेतृत्व कुणाकडे आहे, हे फ्लेक्सवर छापलेल्या नावांवरून ठरत नाही.

राहिला प्रश्न मोहिमेनंतरचा. आपल्याकडे शेवटचा कार्यक्रम धनादेश सुपूर्द करण्याचा असतो: थर्माकोलवर मोठा धनादेश, सगळ्यांच्या हातात त्याची एक कड, छायाचित्र. गडचिरोलीला अभय बंग यांच्या 'सर्च'मध्ये २००६ पासून चालणाऱ्या 'निर्माण'मध्ये तरुणांना एकदाच बोलावून सोडून देत नाहीत. शिबिरांची मालिका असते आणि मधल्या महिन्यांत प्रत्येकानं काहीतरी करून पाहून परत यायचं असतं. निधी मोहिमेलाही अशी परतीची तारीख पहिल्याच दिवशी ठरलेली असावी. साधारण चार-सहा महिन्यांनी, पावसाळा लागायच्या आत, पेरणीच्या गडबडीआधी. जागा सभागृह नव्हे; ज्या गावांतून वर्गणी आली त्यांपैकी एखाद्याची चावडी किंवा शाळेची ओसरी. मुलांनीच जमा-खर्च वाचावा, रद्द झालेल्या पावत्यांसकट, चहाच्या खर्चासकट, आणि संस्थेच्या सचिवानं समोर बसून उत्तरं द्यावीत. नांदगाव पेठसारख्या गावात अशी बैठक पहिल्या वर्षी झाली तर पंधरा-वीस माणसं येतील, त्यांतली निम्मी पारावर रोज बसणारी, आणि त्यांच्यापैकी एखादा आडवा प्रश्न विचारून मुलांना अडचणीत टाकेल. तारीख ठरवताना गावचा बाजाराचा दिवस तेवढा टाळावा.